भट्टी थंड होती ते दिवस

परवा सकाळी पुन्हा ते ढोल ऐकू आले. आधी लांबून, त्रिचीच्या रस्त्याकडून, मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी. वेलंकन्नीच्या चर्चला चालत निघालेले लोक. भगवी लुंगी, भगवी साडी, पायांत स्लिपर नाहीतर काहीच नाही, आणि पुढं तीनचाकी सायकलीवर काचेच्या पेटीत आरोग्यमातेची, म्हणजे प्रभूच्या आईची, मूर्ती. पेटीभोवती भर उन्हात लुकलुकणारे रंगीत दिवे. कर्ण्यातून गाणं कमी आणि खरखर जास्त. ऑगस्ट संपत आला की तंजावरातून हे लोक जायला लागतात, आठ-दहा दिवस सारखे जात राहतात, आणि त्यांच्या मागं रस्त्यावर मलमाचा वास राहतो. पोटऱ्यांना चोळायचं ते झोंबरं मलम.

शमुवेल, माझा नवरा, भट्टीपाशी बसलेला असतो. ढोल ऐकले की तो मान वर करत नाही, पण उठून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो आणि परत येऊन बसतो. तीन वर्षं झाली, त्या महिन्याचं नाव आम्ही घरात काढत नाही. आज मी काढणार आहे. राग आला की मला लिहावंसं वाटतं, आणि काल कोर्टातून आल्यापासून मला रागच आलेला आहे.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर जातात, त्याला गलाईचा धंदा म्हणतात. जुने दागिने आटवायचे, त्यातली चांदी, तांबं वेगळं काढायचं आणि शुद्ध सोन्याची लगड करून सोनाराला परत द्यायची. आमच्या गावातल्या निम्म्या घरांवर अशा लांबच्या गावांची नावं आहेत. कुणी कोचीनवाले, कुणी कटकवाले. आम्ही तंजावरवाले. राजवाड्यापासून चार गल्ल्या सोडून शमुवेलच्या चुलत्यांचं, तात्यांचं, हे दुकान. पुढं भट्टी, मागं आमची एक खोली आणि मोरी. आम्ही ख्रिस्ती. सासऱ्यांच्या वडलांपासूनचे. मी आठवीतून शाळा सोडली, कारण आई आजारी पडली आणि धाकट्यांना बघायला कुणी नव्हतं. लग्न करून इथं आले तेव्हा तमिळमधलं मला 'तण्णी' म्हणजे पाणी एवढंच येत होतं. मुलगी रिबका गावी माझ्या आईकडं राहून शिकते. इथं शाळेत घालावं तर सगळं तमिळ, आणि आम्ही इथं किती वर्षं राहणार ह्याचा नेम नाही. तिला मी वर्षातून दोनदा बघते.

त्या वर्षीचा तो मंगळवार. दुपारचे तीन वाजले असतील. मी मागं तांदूळ निवडत होते. दुकानात बोलणं ऐकू आलं, मोठ्यानं नव्हे, पण तुटक. पुढं आले तर साध्या शर्टातले दोन दांडगे लोक उभे, आणि त्यांच्यात खाली मान घातलेला एक. त्याला मी ओळखलं. महिनाभरापूर्वी तो एका सोनाराच्या ओळखीनं साखळी घेऊन आला होता. त्यानं नुसती हनुवटी उचलून शमुवेलकडं दाखवलं.

"साखळी?" एकानं विचारलं.

"आटवली," शमुवेल म्हणाला. खरं ते सांगितलं त्यानं. आटवायलाच दिली होती.

त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. गणवेश नाही, कागद नाही, कुठल्या ठाण्याचे ते सांगितलं नाही. दुसऱ्या जिल्ह्यातले होते हे नंतर कळलं. गाडीत बसवताना त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी सांगेल, घाबरू नको म्हणेल. तो म्हणाला, "मूस बघ."

मूस भट्टीवर होती. आत कुणाचं तरी सोनं पाणी झालेलं. गलाईत एक रीत आहे, ती गावाकडं पोर धंद्याला लावताना पहिल्याच दिवशी शिकवतात. मूस भट्टीवर असताना ठेवणारा जागचा उठत नाही. दारात कोण का येईना, आई हाक का मारेना. ठेवली त्यानं बसायचं. शमुवेल चौदा वर्षांत एकदाही उठलेला मी पाहिला नव्हता. त्याला उठवलं. मग मी बसले. सांडशी माझ्या हातात नीट बसेना. कशीबशी मूस उतरवली, साच्यात ओतली, थोडं बाहेर सांडलं. भट्टीचा पंखा बंद केला. निखारे काळे पडेपर्यंत मी तिथंच बसून होते. चौदा वर्षांत कामाच्या दिवशी भट्टी थंड झाली ती त्या मंगळवारी.

तात्या तेव्हा गावी होते. फोन केला तर म्हणाले, "तू काही बोलू नको कुणाशी. मी बघतो इकडून." इकडून काय बघणार होते देव जाणे. पुढं त्यांचा फोन लागेनासा झाला. आजही तात्या म्हणतात, त्या दिवसांत गावात रेंज नव्हती. आमच्या गावात देवळाच्या कट्ट्यावर बसून पोरं दिवसभर सिनेमे बघतात.

राग तात्यांवर होताच. पण खरं सांगायचं तर पहिला राग शमुवेलवर होता. गलाईवाला सोनं कुठून आलं हे विचारत नाही. विचारलं तर माणसाचा अपमान होतो आणि तो पुढच्या दुकानात जातो. ओळखीचा सोनार बरोबर आहे ना, मग झालं. मला ठाऊक होतं हे. तो साखळी घेऊन आला त्या दिवशी मी तिथं होते, त्याची नजर मला बरी वाटली नव्हती, आणि मी काय केलं? त्याला चहा दिला. म्हणजे राग माझ्यावरही होता. पण स्वतःवरचा राग माणूस शेवटी काढतो, आधी बाकीचे संपवतो.

चार दिवस तो कुठं आहे हे कुणी सांगितलं नाही. जवळच्या ठाण्यात गेले तर म्हणाले, आमच्याकडं असा कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. "नाळैक्कु वा," उद्या ये. हे दोन तमिळ शब्द मी त्या आठवड्यात इतके ऐकले की झोपेत कुणी म्हणालं तरी मी उठून बसेन. संध्याकाळी रिबकाचा फोन यायचा. "पप्पा कुठं गेले?" मी सांगायचे, मदुरैला गेलेत, सोनं पोचवायला. "मग फोन का उचलत नाहीत?" पोरगी आठ वर्षांची, पण प्रश्न वकिलासारखे. मी रागावून फोन ठेवायचे आणि मग तास तास मोरीत तोंड धूत बसायचे.

अशात गावच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांचा आवाजी निरोप आला. माणूस वाईट नाही. माझ्या लग्नाची प्रार्थना त्यांनीच केली. आवाज गोड, दर वाक्याला 'बहीण' म्हणायची सवय. ते म्हणाले, बहीण, देव तुम्हाला भट्टीत घालून शुद्ध करतोय. सोनार सोन्यात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत ते तापवतो. घाबरू नका, हा प्रेमाचा जाळ आहे.

मी तो निरोप तीनदा ऐकला. नंतर फोन उशीखाली घातला, कारण हातात राहिला असता तर फेकला असता.

पाळकसाहेब, मी चौदा वर्षं भट्टीच्या शेजारी स्वयंपाक केला आहे. मुशीत वाकून कुणी चेहरा बघत नाही. भुवया जळतील. गलाईवाला तोंड बाजूला करून बसतो आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून रंग बघतो. तेजाबात टाकलं की धूर निघतो, पिवळट-तांबूस, तो छातीत गेला तर रात्रभर खोकला थांबत नाही. आणि सगळं करून शुद्ध सोनं तळाशी बसतं ते कसं दिसतं ठाऊक आहे? तपकिरीसारखं. तपकिरी भुकटी. नवीन माणूस गाळ समजून ओतून देईल. चेहराबिहरा काही नाही त्यात. जाळाबद्दल एवढं गोड बोलणाऱ्यांनी एकदा उन्हाळ्यात आमच्या दुकानात येऊन बसावं. मी चहा देईन.

हे मी त्यांना कळवलं नाही. 'आमेन साहेब' एवढंच पाठवलं. माझी हिंमत एवढीच.

इथं आम्ही एका तमिळ मंडळीत जातो. गाणी कळायला दोन वर्षं लागली, पण माणसांनी सांभाळून घेतलं. प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला आणि थाळी घासायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं होतं, कारण चांदीतलं हिला कळतं. दर शनिवारी कपाटाची किल्ली घेऊन मी जायचे. चिंच नाही, राख नाही, मऊ फडकं आणि थोडा टाकणखार. एवढं एकच काम होतं ह्या गावात जे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मला सगळ्यांपेक्षा बरं यायचं.

त्या शनिवारी स्टेला टीचर घरी आल्या. मंडळीतल्या बायकांच्या प्रमुख. हातात डबा होता, सांबारभात. बसल्या, माझा हात धरला, रडल्यासुद्धा. जाताना म्हणाल्या, "थोडे दिवस तू विश्रांती घे गं. किल्ली माझ्याकडं दे. लोक काही म्हणतात असं नाही, पण."

मी किल्ली दिली. चोरीचं सोनं आटवणाऱ्याची बायको आणि देवाचा चांदीचा प्याला, कुणाच्या तरी मनात ते दोन्ही शेजारी बसेना. त्यानंतर महिनाभर रोज दुपारी टीचरच्या घरून डबा यायचा. एक दिवस चुकला नाही. मी तो डबा खाल्ला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि ती किल्लीही विसरणार नाही. दोन्ही एकाच पोटात आहे. काय करू?

मला ह्या गावात कुणी वाचवलं असेल तर राधाक्कानं. आमच्या मागच्या गल्लीत राहते. तंजावरची मराठी. तिचे लोक राजांच्या वेळेला आले ते इथलेच झाले. ती शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती, आता निवृत्त. गणपतीला रोज जास्वंद वाहते आणि दर रविवारी मला विचारते, "आज कोणतं गाणं जालं गो तुमच्यांत?" तिची मराठी ऐकून मला आधी हसू यायचं, सूर सगळा तमिळ आणि शब्द माझ्या पणजीचे. तिला आमचं वाचता मात्र येत नाही, देवनागरी शिकलीच नाही. ती म्हणाली, लेखी अर्ज देऊं. तूं मराठींत लिही, मला वाचून दाखव, मी तमिळ करत्यें.

मी रात्रंदिवस त्या अर्जाचा विचार केला. आठवीनंतर मी काही लिहिलं असेल तर किराणाची यादी आणि मंडळीच्या वहीत प्रार्थनेचे विषय. आपल्या मोठ्या माणसाला लिहायचं म्हणजे कसं लिहायचं, हे मला एकाच ठिकाणाहून ठाऊक. तसंच लिहिलं. सकाळी राधाक्काच्या ओट्यावर बसून वाचायला लागले.

"हे दयाळू आणि कृपाळू साहेब, आम्ही अयोग्य आणि पापी लेकरं आपल्या चरणांशी नम्र होऊन येतो."

राधाक्कानं पेन खाली ठेवलं. "हें काय?"

"अर्ज."

"पुढें वाच."

"आपण आमचे अपराध पोटात घालून आमच्यावर दयेची नजर करावी, कारण आपल्यावाचून आम्हाला कुणी त्राता नाही."

ती डोक्याला हात लावून हसायला लागली. मला इतका राग आला की मी उठले. "बैस, बैस," ती हात ओढून म्हणाली. "तुझ्या देवाला लिहिल्येस तें फौजदाराला कशाला द्यायचें? तो आधींच स्वतःला देव समजतो. आणि पापी कोण जालें? कोणते अपराध? असें लिहून दिलेंस तर तो म्हणेल, बघा, बाईनं कबूल केलें."

मी कागदाकडं पाहिलं. खरंच, सगळं कबूल करून ठेवलं होतं. चोरी सोडून सगळं.

"मग काय लिहू?"

"काय जालें तें लिही. कोण आले, किती वाजतां, कोणती गाडी, काय बोलले. आणि शेवटीं एक ओळ. माझा नवरा कोठें आहे तें सांगा."

आम्ही बसलो. मी एकेक शब्द काढत गेले. दयाळू गेलं, कृपाळू गेलं, चरण गेले, लेकरं गेली. निम्मं पान राहिलं. राधाक्का तमिळ लिहीत होती आणि मधेच म्हणत होती, "हें बरें. आतां माणसानं लिहिल्यासारखें वाटतें." घरी येताना माझ्या मनात आलं की मी चार दिवस देवासमोरही तेच करतेय. न केलेले अपराध कबूल करतेय. आम्ही पापी, आम्ही अयोग्य, आणि खाली सही. काय झालं ते त्याला एकदाही सरळ सांगितलेलं नाही. माझा नवरा कुठं आहे हे विचारलेलं नाही.

त्याच दुपारी ते चालणारे लोक गल्लीत आले. नळाचं पाणी शोधत होते. मी दार लावून घ्यायला उठले. मला त्यांचे ढोल सहन होत नव्हते. माझा माणूस कुठंतरी फरशीवर पडलाय आणि ह्यांचं गाणं चाललंय. शिवाय आमच्याकडं आरोग्यमातेला मानत नाहीत, आमचं सगळं थेट प्रभूपाशी, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. पण एक म्हातारी पायरीवर बसलीच. पायाला फोड आले होते, एक फुटलेला. मी पाणी आणलं. ती पाय धूत म्हणाली, "भट्टी बंद का?"

माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी सांगितलं. पोलीस. चार दिवस. कुठं ते माहीत नाही. मला वाटलं आता ही हात वर करेल आणि माता सगळं ठीक करील म्हणेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

तिनं विचारलं, "जेवलीस?"

नंतर स्वतःचं सांगितलं, शेंगदाणे सोलता सोलता. तिचं नाव आरोक्यम. मुलगा परदेशात कामाला गेला, तिथल्या तुरुंगात आहे, सातवं वर्ष. ती दर वर्षी चालत जाते.

"सात वर्षं मागताय?" मी म्हणाले. "आणि दिलं नाही?"

"मागायला कोण जातंय." तिनं सालं पायरीखाली टाकली. "मी भांडायला जाते. घरी बसून भांडलं की शेजारी म्हणतात म्हातारीला वेड लागलं. तिथं जाऊन तिच्यासमोर उभी राहते आणि विचारते, माझा पोरगा कुठंय? तूही आई आहेस ना? तुझ्याही पोराला धरून नेलं होतं ना?"

"मग काय म्हणते?"

"काही नाही म्हणत. पण ऐकून घ्यावं लागतं तिला. एवढ्या लांब चालत आलेल्या बाईला उठून जा म्हणता येत नाही." ती उठली, फोडावर फडकं बांधलं, शेंगदाण्यांची उरलेली पुडी माझ्या हातात दिली. "तू पण भांड. पण घरी बसून नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी आणि राधाक्का ठाण्यात गेलो. अर्ज दिला. शिपाई म्हणाला, "नाळैक्कु वा." मी बाकावर बसले. राधाक्कानं त्याला तमिळमध्ये सांगितलं, ही आज जात नाही. दहा वाजले, बारा वाजले. पंखा होता, तो फक्त साहेबांच्या बाजूला. मला कुणी दोनदा उठवायला आलं. मी उठले नाही.

आणि त्या बाकावर मी प्रार्थना केली. ओठ हलवत, मराठीत, कुणाला कळत नाही म्हणून जरा मोठ्यानंच. मी देवाला म्हणाले, तू म्हणतोस, मी सोनार. बरं. मग सोनाराची रीत तुला ठाऊक असेल. मूस भट्टीवर ठेवली त्यानं उठायचं नसतं. तू ठेवलीस ना आम्हाला? मग गेलास कुठं? आमच्याकडं अशा माणसाला धंद्यात ठेवत नाहीत, घरी पाठवतात. बस इथं. माझ्या शेजारी बस ह्या बाकावर, आणि माझा माणूस परत येईपर्यंत हलू नको. मी पण हलणार नाही.

एवढं बोलून झाल्यावर मला भीती वाटली. आता काहीतरी होईल, जीभ झडेल. काही झालं नाही. राधाक्कानं डब्यातला दहीभात पुढं केला. "खा. भांडायला ताकद लागते."

संध्याकाळी चारला तो फौजदार बाहेर आला, माझ्याकडं नाही, राधाक्काकडं बघून म्हणाला, की मराठी सेट्टूला, आम्हा गलाईवाल्यांना इथं तसंच म्हणतात, दुसऱ्या ठाण्यात ठेवलंय, आज कोर्टात उभं करतील. अर्ज वाचून सांगितलं, की बाकावरची बाई बघून कंटाळला, की सांगायचंच होतं, मला माहीत नाही. मी ह्याला चमत्कार म्हणत नाही. मंडळीत एकदा साक्ष द्यायला सांगितली तेव्हा मी उभी राहिले नाही. चार दिवस बाई विचारतेय ते पाचव्या दिवशी सांगणं, ह्यात देवाची स्तुती काय करायची? पण त्या दिवशी मी त्या बाकावर एकटी नव्हते, हेही तितकंच खरं आहे, आणि राधाक्काला मी त्यात धरलेलं नाही.

जामीन मिळायला सव्वीस दिवस लागले. तो परत आला तेव्हा दाढी वाढलेली, डाव्या कानाला कमी ऐकू येत होतं. काय केलं विचारलं तर म्हणाला, काही नाही. भट्टी पेटवली, कामाला बसला. गिऱ्हाईकं हळूहळू आली. आता तो प्रत्येकाला विचारतो, सोनं कुठलं, कुणाचं. काही लोक चिडून पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत. काही महिन्यांनी स्टेला टीचरनी किल्ली परत दिली, डबा देतात तशीच, दोन्ही हातांनी. मी घेतली. प्याला पुन्हा घासते. घासताना कधी राग येतो, कधी येत नाही.

पण एक परत आलं नाही. शमुवेल प्रार्थना करायचा, जेवणाआधी, मोठ्यानं, कंटाळा येईल इतकी लांब. वरण गार व्हायचं. मी चिडवायचे, आता आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांपर्यंत पोचलास, अजून चीन राहिलाय. आल्यापासून तो गप्प. मी प्रार्थना म्हणते, तो ताटाकडं बघत थांबतो, माझं झालं की घास घेतो. मंडळीत शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला बसतो. आत त्या सव्वीस दिवसांत काय झालं ते त्यानं मला सांगितलं नाही, आणि बहुतेक वरच्यालाही नाही. खटल्यापेक्षा मला ह्याचीच जास्त काळजी वाटते. खटला कधीतरी संपेल.

काल निकाल होता. तीन वर्षांनी. सकाळच्या बसनं आम्ही गेलो, दुसऱ्या जिल्ह्यात, दोन तासांची वाट. रस्त्यानं सगळीकडं भगवे लोक, बस त्यांच्यातून भोंगा वाजवत जात होती. शमुवेलनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. रिबकाचा आदल्या दिवशी फोन आला होता. ती आता अकरा वर्षांची, तिला सगळं ठाऊक आहे. ती म्हणाली, "मम्मी, निकाल लागला की पहिला फोन मला." कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही दीड वाजेपर्यंत उभे. मग कारकुनानं बाहेर येऊन सांगितलं, न्यायाधीश रजेवर आहेत. पुढची तारीख ऑक्टोबरात.

एवढंच. रजेवर. वकील म्हणाला, होतं असं अम्मा. मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, तो बिचारा चांगला माणूस आहे.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बाहेर कालव्याला पाणी सुटलेलं, शेतात कापणीची यंत्रं, त्यांच्यामागं बगळे. मी काही बघत नव्हते. पापनाशमच्या फाट्यापाशी बस थांबली तेव्हा शमुवेल म्हणाला, "ओठ का हलत्यात तुझे?"

"भांडतेय."

"कुणाशी? वकिलाशी?"

"वकिलाचं झालं मघाशीच."

चहावाला खिडकीशी आला, गेला. बस सुटली. बरंच पुढं गेल्यावर शमुवेल हळू म्हणाला, "माझं बी सांग त्याला."

तीन वर्षं मी ह्याच वाक्याची वाट बघत होते. वाटलं होतं, तो असं काही म्हणाला की मी रडेन, त्याचा हात धरेन, लगेच त्याच्यासाठी प्रार्थना करेन. पण कालच्या दिवसाचा राग इतका होता की माझ्या तोंडून निघालं, "तुझं तू सांग. माझं मलाच पुरतंय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग तोंड पुढच्या सीटच्या दांड्याकडं केलं, दोन्ही हात दांड्यावर ठेवले. बसचा आवाज मोठा होता. मी कान दिला नाही, दुसऱ्याचं भांडण ऐकू नये. तरी पहिला शब्द ऐकू आला. गावाकडं आमच्यात बापाला हाक मारतात तशी, 'आबा', आणि ती चढ्या आवाजात होती. पुढच्या सीटवरची बाई दचकून वळली. तो थांबला नाही. तंजावरचं स्टँड येईपर्यंत बोलत होता.